गाण्याची मजुरी आणि गाण्याची मोजदाद

इ. स. १९९८ च्या फेब्रुवारी महिन्यात ब्रिटनमधल्या ध्वनिमुद्रिकांच्या खपाच्या साप्ताहिक यादीत जे गाणे पहिल्या क्रमांकावर होते, त्याच्या नावातच सांगलीला जन्मलेल्या एका मराठी बाईचे नाव होते. गाण्याचे नाव 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ते कॉर्नरशॉप नावाच्या मंडळींनी केले होते आणि त्यांचा म्होरक्या तजिंदर सिंग हा इंग्लंडात वाढलेला पंजाबी घरातला मुलगा. १९९७ साली ते पहिल्यांदा निघाले तेव्हा यादीत साठाव्या क्रमांकापाशी घुटमळून खाली गेले. पुढे नॉर्मन कुक ह्या गृहस्थाने त्याची चाल धावती केली, ठेका वाढवला, आणि तेच गाणे थेट माथ्यावर जाऊन बसले. ज्यांचे नाव त्यात होते त्या आशाबाई भोसले तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी ते गाणे म्हटलेले नव्हते. त्यात त्यांचा एक सूरही नाही.

नाव पहिल्या क्रमांकावर आणि आवाज मात्र बाहेर, हा प्रकार आम्हांस विचार करण्यासारखा वाटला, म्हणून हा विषय निवडला. संगीतशास्त्रात आमची गती नाही, हे आधीच सांगतो. ह्या व्याख्यानमालेत रागदारीवर अधिकाराने बोलणारे पुष्कळ येऊन गेले. त्यांच्या जागेवर बसण्याचा आमचा इरादा नाही. परंतु तुकड्यावरची मजुरी, पाळी, जादा काम आणि हजेरीपुस्तक ह्या गोष्टी आम्ही पस्तीस वर्षे पाहत आलो आहोत. गाणे हेही काम आहे; ते कोणीतरी करतो, कोणीतरी मोजतो आणि कोणीतरी त्याचे पैसे घेतो. ह्या तीन माणसांची गाठ कशी पडते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम मोजणाऱ्याकडे वळू. लोकप्रिय गाण्यांची क्रमवार यादी ही फार जुनी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये अशी पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ह्या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. ती तयार करण्याची रीत अगदी साधी होती. पर्सी डिकिन्स नावाच्या त्यांच्या जाहिरात पाहणाऱ्या माणसाने सुमारे वीस दुकानांना टेलिफोन केले, ह्या आठवड्यात काय खपले असे विचारले, आणि उत्तरांची बेरीज मांडली. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते तोच, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू झाली. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

गीतमालेच्या जन्माला एका मराठी माणसाचा हातभार लागला, तोही मनात नसताना. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्राचे नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटसंगीत हे अभिरुची बिघडवणारे आहे असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीवरचा त्याचा वाटा कमी होत गेला. त्यातच निर्मात्यांशी तंटा होऊन परवाने काढून घेतले गेले. मग श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवला. महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी कोलंबोला उभारलेले प्रक्षेपक भलतेच जोरदार होते आणि तेथून हिंदी गाणी पुण्यामुंबईपर्यंत ठणठणीत ऐकू येत. सरकारने बंद केलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली, ती ह्याच धड्यानंतर.

गीतमालेत सुरुवातीस क्रम नव्हता. सात गाणी उलटसुलट लावीत आणि श्रोत्यांनी त्यांचा बरोबर क्रम लावून पाठवायचा, त्यास शंभर रुपयांचे बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत मजल गेली, असे अमीन सयानी सांगत. ह्या सगळ्याचे, म्हणजे लिहिणे, बोलणे आणि पत्रे चाळणे धरून, त्यांना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत, हेही तेच सांगत. आमच्या धंद्यातल्या माणसाचे लक्ष पासष्ट हजारांपेक्षा पंचवीसवर अधिक खिळते, त्याला इलाज नाही. पत्रांच्या पोत्यांखाली माणूस बुडू लागला तेव्हा रीत बदलली. १९५४ च्या अखेरीपासून क्रमवारी सुरू झाली. तबकड्या विकणाऱ्या दुकानांतून खपाचे आकडे मागवीत, आणि गावोगावच्या श्रोता संघांकडून पसंती मागवीत. क्रमांकाला सयानी 'पायदान' म्हणत, आणि तो शब्द घरोघर गेला.

आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकात, शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडांत मिळून तीन रेडिओ होते. बुधवारी रात्री आठ वाजता तिन्ही रेडिओ एकच गोष्ट बोलत. खालच्या मजल्यावरचा एक छापखान्यातला कंपॉझिटर पायदाने वहीत उतरवून घेई आणि मागच्या आठवड्याशी ताडून पाही. निकाल त्याला पटला नाही म्हणजे तो म्हणे, मोजणारा कोणाचा आहे ते बघा. पुढे ज्या कारखान्यात आम्ही उमेदवारी केली तेथे दिवसअखेर नगांची मोजणी होत असे, आणि मोजणारा मालकाचा होता. आमचे दहा नग त्याच्या वहीत आठ होत. तेव्हा त्या कंपॉझिटरचे वाक्य आम्हांस कळले. दुकानदाराच्या वहीवरून लोकप्रियता ठरते म्हटल्यावर दुकानात आपलीच माणसे पाठवून आपलाच माल विकत घेण्याची बुद्धी कोणाला ना कोणाला होणारच. श्रोता संघांची जोड ही त्यावरची चांगली युक्ती होती. एकाच वहीवर विसंबू नये हा हिशेबनिसाचा नियम आहे.

आता काम करणाऱ्याकडे येऊ. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी आमच्या ह्याच शहरात वारले. आशाबाईंचे वय त्या वेळी साडेआठ वर्षांचे होते. घर पुण्याहून कोल्हापुरास आणि तेथून मुंबईस गेले, आणि ज्यांच्या गळ्यात सूर होता ती मुले कामास लागली. 'माझं बाळ' ह्या १९४३ च्या मराठी चित्रपटात दत्ता डावजेकरांच्या चालीवर त्या पहिल्यांदा गायल्या. हिंदीत १९४८ च्या 'चुनरिया'त हंसराज बहल यांच्याकडे. सोळाव्या वर्षी लग्न, मग मुले, मग मोडलेला संसार. ह्या गोष्टींची चर्वितचर्वणे पुष्कळ झाली आहेत आणि आम्हांस त्यांत शिरावयाचे नाही. कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की नाही म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. मोठ्या संगीतकारांची नायिकेची गाणी लताबाई, गीता दत्त, शमशाद बेगम ह्यांच्याकडे जात. उरलेली, छोट्या चित्रपटांची, दुय्यम पात्रांची, नाचणारीची गाणी आशाबाईंच्या वाट्यास येत. कारखान्यात ज्याला बदली कामगार म्हणतात तो हाच. बदली कामगाराला सगळ्या यंत्रांवर उभे राहावे लागते, म्हणून त्याला सगळी यंत्रे येतात. पुढे त्यांच्या गाण्यात जे वैविध्य दिसले त्याचे कारण केवळ दैवी देणगी मानणाऱ्यांनी ह्या दहा वर्षांकडे जरा पाहावे.

१९५७ च्या 'नया दौर'मध्ये ओ. पी. नय्यर यांनी नायिकेची सगळी गाणी त्यांना दिली आणि बदलीची कायम झाली. १९५९ च्या गीतमालेच्या वार्षिक यादीत 'चलती का नाम गाडी'तले किशोरकुमार आणि आशाबाईंचे द्वंद्वगीत 'हाल कैसा है जनाब का' पहिले आले; १९७२ साली राहुल देव बर्मन यांचे 'दम मारो दम' पहिले आले, ते एकट्या आशाबाईंचे. मधली तेरा वर्षे म्हणजे नय्यर यांचा ठेका मागे पडून बर्मन यांची गिटार पुढे येण्याचा काळ. दोन्ही राजवटींत माथ्यावर राहणे सोपे नसते. यंत्र बदलले की जुना कारागीर बाहेर पडतो असाच सर्वत्र अनुभव आहे.

परंतु 'दम मारो दम' ऐकताना पहिली गोष्ट जी कानावर येते ती आशाबाईंचा आवाज नव्हे, गिटार आहे. ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली. ते स्वतः पुढे गायक म्हणून नावाजले म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. नाहीतर ठाऊक झाले नसते. त्या काळची ध्वनिमुद्रणाची पद्धत श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावी. एका दालनात चाळीस-पन्नास, कधी त्याहून जास्त वादक; एका बाजूस काचेआड गायिका; आणि सगळे एकदम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. शेवटच्या ओळीला एका व्हायोलिनवाल्याचे बोट घसरले तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गायिकेने श्वास कोठे घेतला हेही मागून दुरुस्त करता येत नसे. ह्या मंडळींत गोव्याचे ख्रिस्ती वादक फार मोठ्या संख्येने होते, कारण स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण त्यांना तिकडच्या चर्चच्या शाळांतून मिळालेले असे. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे मांडणीकार संगीतकाराने गुणगुणलेली चाल पन्नास वाद्यांच्या कागदांवर उतरवून देत. बर्मन यांच्याकडे मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि मारुतीराव कीर यांचा ठेका. वादकांची मुंबईत संघटना होती, दर ठरलेले होते, पाळीचा हिशेब होता. म्हणजे ज्याला आपण स्वप्ननगरी म्हणतो तिच्या पोटात एक सुरळीत कारखाना चालत होता.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या आपल्या जुन्या बाजारात अजून जुन्या तबकड्या मिळतात. आम्ही अधूनमधून उलटून पाहतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची. ती लाख छोटानागपूरच्या जंगलांतल्या झाडांवरून आदिवासी बाया खरवडून आणीत. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात ती दाबली जाई. मधल्या गोल कागदावर कंपनीचे नाव ठळक, चित्रपटाचे नाव, संगीतकाराचे, गायिकेचे. गायिकेचेही आधी नसे. १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर लताबाईंच्या जागी चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे, नाव छापलेले होते. गाणे म्हणणाऱ्या जिवंत बाईपेक्षा न जन्मलेली बाई कंपनीला अधिक खरी वाटली! ते नाव कागदावर यायला भांडावे लागले. वादकांची नावे तर आलीच नाहीत. हा कागद लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

किती गाणी, हा प्रश्न आला की आपल्या लोकांना मोठ्या आकड्यांचा मोह पडतो. १९७४ साली गिनेसच्या पुस्तकात लताबाईंच्या नावावर १९४८ पासून पंचवीस हजार गाणी छापली गेली. सत्तावीस वर्षांचे दिवस होतात सुमारे नऊ हजार आठशे पन्नास. म्हणजे रविवार नाही, दिवाळी नाही, पडसे नाही, आणि रोज अडीच गाणी. ज्याने एकदा तरी उत्पादनाचा तक्ता भरला आहे त्याला हे पटणार नाही. महंमद रफींनीही त्यावर हरकत घेतली, आणि १९९१ साली ती नोंद पुस्तकातून गेली. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी एकेक चित्रपट घेऊन गीतकोश तयार केला तेव्हा कोठे खरे मोजमाप हाती आले. २०११ साली गिनेसने आशाबाईंची नोंद केली ती १९४७ पासून वीसहून अधिक भाषांत सुमारे अकरा हजार गाण्यांची, एकट्याची, द्वंद्व आणि समूहगीते धरून. वर्षाला एकशे सत्तरच्या आसपास, दर दोन दिवसांना एक. हा आकडा कष्टाचा आहे, पण माणसाच्या आवाक्यातला आहे. लताबाईंचे मोठेपण पंचवीस हजारांवर अवलंबून नव्हते. तो आकडा ज्यांनी फुगवला त्यांनी त्यांच्यावर उपकार केले नाहीत.

आता तिसरा माणूस, पैसे घेणारा. एका गाण्याचे ठरलेले पैसे हाती पडले की गायिकेचा संबंध संपला, अशी रीत होती. तबकडी पुढे दहा हजार खपो की दहा लाख, गीतमालेत पहिले पायदान मिळो की शेवटचे, तिच्या घरी काही येत नसे. कंपनी आणि निर्माता यांच्यात वाटणी होई. मोठ्या संगीतकारांना त्यातून काही मिळे. १९६० नंतरच्या वर्षांत लताबाईंनी गायकांसाठी खपावर हिस्सा मागितला. रफींचे म्हणणे असे की ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले, हिशेब पुरा झाला. ह्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. रफीसाहेब मनाने फार उदार होते आणि त्यांच्या बोलण्यात संतोषी माणसाची सचोटी होती. पण संतोष हा गुण एकट्याचा असतो आणि दर सगळ्यांचा ठरतो. ह्या वादात आमचे मत लताबाईंच्या बाजूचे आहे. मात्र त्यांच्या मागणीत मागे बसलेल्या व्हायोलिनवाल्याचा उल्लेख नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

कायदा काय म्हणत होता? १९५७ चा कॉपीराइट कायदा कवीला ओळखत होता, चाल बांधणाऱ्याला ओळखत होता, तबकडी काढणाऱ्याला ओळखत होता. गाणाऱ्याला तो ओळखतच नव्हता. १९७७ साली संगीतकार-कवींची संस्था आणि चित्रपट निर्माते यांच्यातला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला व निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. पण न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकालाला एक पुरवणी जोडली. आपल्याकडे गाणारा हाच गाण्याचा प्राण मानतात, आणि त्यालाच कायद्याने काही देऊ नये ही गोष्ट ह्या देशाच्या परंपरेला धरून नाही, संसदेने ह्याचा विचार करावा, अशा आशयाची. कामगारांना हे नाव परके नाही. पुढच्याच वर्षी बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात 'उद्योग' शब्दाचा अर्थ रुंद करून लाखो नोकरदारांना कायद्याच्या छायेत आणणारे न्यायमूर्ती हेच.

संसदेला विचार करायला सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क प्रथम कायद्यात आला. तोही असा, की एकदा चित्रपटासाठी संमती दिली की संपला. म्हणजे पार्श्वगायिकेच्या हाती पुन्हा शून्य. मधल्या काळात कॅसेट आली होती. पाच-पंचवीस रुपयांत गाणी घरोघर गेली, गणपतीच्या मांडवात वाजली, रिक्षात वाजली. जुन्या गाण्याचे नव्या गळ्याकडून पुन्हा मुद्रण करण्याची वाट कायद्यात होती. ठराविक रक्कम गाण्याच्या मालकाला पोचवली की झाले. मूळ गायिकेला विचारण्याचे कारण नव्हते. आशाबाईंच्या गाण्यांच्या नकला अशा बाजारात आल्या. त्यावर त्यांनी केलेली गोष्ट आम्हांस फार आवडते. त्या स्वतःच नकलाकारांच्या बाजारात उतरल्या. बर्मन १९९४ च्या जानेवारीत गेले. १९९५ साली, बासष्टाव्या वर्षी, 'रंगीला'मध्ये ए. आर. रहमान यांच्याकडे त्या विशीतल्या नायिकेसाठी गायल्या. १९९६ साली बर्मन यांची जुनी गाणी नव्या ठेक्यावर स्वतः पुन्हा म्हणून 'राहुल अँड आय' काढले. १९९७ साली लेस्ली लुईस यांच्याबरोबर 'जानम समझा करो'. चित्रपटाशिवायच्या पॉप गाण्यांचा तो हंगाम होता, दूरचित्रवाणीवर विशीतल्या मुलामुलींची गर्दी होती, आणि त्या गर्दीत ही आजी उभी राहिली व खपली. त्याच सुमारास उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबर केलेल्या जुन्या बंदिशींच्या मुद्रणाला ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. बदली कामगाराची सगळी यंत्रे अजून हाताखाली होती.

परदेशातल्या याद्यांची गोष्ट निराळी. १९९१ साली बॉय जॉर्जच्या मंडळींबरोबर 'बाउ डाउन मिस्टर' ह्या गाण्यात त्यांचा आवाज होता आणि ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या तिसांत आले. १९९८ चे सांगितलेच. २००५ साली अमेरिकेतल्या ब्लॅक आइड पीज ह्या मंडळींनी 'अपराध' आणि 'डॉन' ह्या चित्रपटांतल्या कल्याणजी-आनंदजींच्या दोन गाण्यांवर आपले एक गाणे उभारले. मूळ दोन्ही गाणी आशाबाईंची. ते अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले व त्याला ग्रॅमी मिळाले. श्रेयात कल्याणजी-आनंदजींची आणि गीतकार इंदीवर यांची नावे आली. ती योग्यच होती, कायद्याने ती द्यावीच लागतात. त्याच वर्षी आशाबाईंनी क्रोनोस क्वार्टेट ह्या चार तंतुवादकांबरोबर बर्मन यांची गाणी पुन्हा गाऊन एक संच काढला. त्याला नामांकन मिळाले, पारितोषिक मिळाले नाही.

२०१२ साली कायदा पुन्हा दुरुस्त झाला, आणि चित्रपटात गायिले तरी व्यापारी वापरावर गायकाला हिस्सा मिळाला पाहिजे असे त्यात प्रथम स्पष्ट लिहिले गेले. २०१३ साली गायकांची हक्कसंस्थाही उभी राहिली. लताबाईंच्या मागणीला पन्नास वर्षे लागली. पण कायदा वाचावा तो शेवटच्या ओळीपर्यंत. तबकडीवरचा कंपनीचा हक्क साठ वर्षांचा आहे, गायकाचा पन्नास. उदाहरण म्हणून 'रंगीला' घेऊ: गायिकेचा हक्क २०४५ च्या अखेरीस संपेल, कंपनीचा २०५५ च्या अखेरीस. दहा वर्षे तोच आवाज विकला जाईल आणि आवाजवालीचा, किंवा तिच्या वारसांचा, त्यात वाटा नसेल. 'नया दौर'ला हाच हिशेब लावला तर पन्नास वर्षे २००७ मध्ये भरली, आणि हिश्शाचे कलम आले त्यानंतर पाच वर्षांनी.

आणि तो गोल कागद. २०१२ च्या त्याच दुरुस्तीत कलावंत कोणाला म्हणावे ह्याच्या व्याख्येला एक शेपूट जोडले आहे. चित्रपटातले ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा इतरत्र कोठेही दिले जात नाही, तो हिश्शापुरता कलावंत धरला जाणार नाही. किरकोळ काय, हे ठरवताना रिवाज पाहायचा. आणि रिवाज तर पहिल्या तबकडीपासून वादकांची नावे न छापण्याचाच. 'दम मारो दम'च्या सुरुवातीची ती गिटार किरकोळ होती काय, असे कोणी न्यायालयात विचारले तर निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण ती वगळून ते गाणे कोणाला सुरू करून दाखवता येईल, असे आम्हांस वाटत नाही.